बायदी शिंप्याची झारी

मी एक जुनी झारी आहे. चांदीची नव्हे, तांब्याचीही नव्हे. प्लास्टिकची, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची, पुढे तोटी, वर झाकण आणि मागे धरायला कान. काओलाक गावात घरोघरी माझ्यासारखी एक असतेच. नमाजाआधी हातपाय धुवायला मी लागते आणि संडासाला जातानाही हातात मीच असते. तेव्हा मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी आजवर इतकी नाके मुरडलेली पाहिली आहेत की आणखी चारदोनांनी मला काही फरक पडत नाही. मुरडून झाले की मात्र नीट ऐका, कारण मी जे पाहिले ते त्या घरात दुसऱ्या कोणीही पाहिले नव्हते.

माझा जन्म राजधानी डाकारच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासोबत शेकडो बहिणी होत्या. आम्हाला कानांतून दोरी ओवून बाजारात टांगले होते. तिथे हाबी नावाची बाई आली. तिने माझ्यात पाणी भरले, मला उलटे केले, बोटाने माझा तळ ठोकला आणि दुकानदाराला बजावले, "ही गळली ना, तर तुझ्या डोक्यावर आणून फोडीन." मी नऊ वर्षांत एक थेंबही गळले नाही. पण याबद्दल मला कोणी शाबासकी दिल्याचे आठवत नाही.

हाबीचा नवरा बायदी वान हा शिंपी. त्याच्या हातचे कशिदाकाम असे की सणाच्या महिनाभर आधीपासून लोक कापड घेऊन त्याच्या दारात बसत. मी आले तेव्हा तो काटक होता. दिवसातून पाच वेळा हातपाय धुवायला आणि तीन-चार वेळा संडासाला, एवढेच आमचे जाणेयेणे होते. माझी जागा अंगणातल्या नळाखाली होती. तिथून सारे अंगण दिसे, कडुलिंबाखालचे त्याचे शिलाई मशीन दिसे आणि कोळशाच्या शेगडीवर बसलेली ती निळी किटलीही दिसे.

त्या किटलीबद्दल मला बोलू द्या. चहाची ती एवढीशी किटली, पण तिचा तोरा काय सांगावा! दुपारी बायदी तिच्यात चहापत्ती आणि साखर घालून तास-दीड तास चहा उकळत बसे. मग हात खांद्याच्याही वर नेऊन तो पेल्यात धार सोडायचा, पेल्यातून पेल्यात ओतायचा, आणि काठोकाठ पांढरा फेस आणायचा. फेस आला नाही तर तो चहाच नव्हे, अशी आमच्या गावची रीत आहे. एका बैठकीला तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला किटलीत साखर वाढत जाते. येणाराजाणारा म्हणे, "वा बायदी, फेस आणावा तर तू!" किटली मान वर करून मिरवायची. मी नळाखाली गप्प असायची.

वर्षे गेली तसा बायदी रुंदावला. मशीनवरून उठणे नको, चालणे नको, आणि जेवायला हाबीच्या हातचा तेलात निथळणारा मासळीभात. एका मोठ्या परातीत सगळे घर जेवते. हाबीचे प्रेम असे की माशाचा चांगला तुकडा, तळाची भाताची खरपुडी, सगळे ती नवऱ्याच्या बाजूला ढकलायची. कोणी किती खाल्ले हे परातीत कळत नाही. मला मात्र कळत होते. तीन-चार वेळांचे आमचे जाणे आधी आठ वेळांवर आले, मग बारावर. रात्री तर तो मला उशाशी घेऊन निजायचाच बाकी राहिला होता. सारखी तहान, सारखे पाणी, सारखी मी!

मग मुंग्या आल्या. संडासाच्या लादीवर जिथे तो बसे तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. मी वरून धार सोडून त्यांना वाहून न्यायचे, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. अरे, मुंग्या कुठे जमतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते! बायदीला मात्र वाटले, पावसाळा जवळ आला असेल.

शेवटी हाबीने हट्ट धरला तेव्हा तो दवाखान्यात गेला. साखर निघाली. डॉक्टरने विचारले, "चहात साखर किती घालता?" आणि या गृहस्थाने छातीवर हात ठेवून सांगितले, "मी माझ्या पेल्यात साखर कधीच घालत नाही." मित्रांनो, यात एक अक्षरही खोटे नव्हते. आमच्याकडे पेल्यात साखर कोणीच घालत नाही. ती किटलीत घालतात! घरी येऊन त्याने हे हाबीला ऐटीत सांगितले आणि लगेच शेगडी पेटवली. मी जागच्या जागी चडफडले.

दर महिन्याला तपासायला वस्तीतल्या दवाखान्यात जायचे होते आणि तिथेच सगळी गडबड झाली. तिथली नर्स तेनिंग सार. ती सेरेर जमातीची आणि आमचा बायदी नदीकाठच्या पुलार बोलणाऱ्या लोकांतला. या दोन जमातींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे नाते आहे. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचे, खादाड म्हणायचे, वाटेल ते बोलायचे आणि रागवायचे नाही. जो रागावला तो हरला. नाते मोठे गोड आहे, भांडणे मिटतात, अनोळखी माणसे हसतात. पण तेनिंग त्याला खरोखरच कमी खा म्हणून सांगायला गेली की काय होणार, हे तुम्हीच समजून घ्या.

तो घरी येऊन पोट धरधरून सांगायचा. "अगं हाबी, आज ती सेरेर बाई सगळ्या दवाखान्यापुढे म्हणाली, 'गुलामा, भात कमी खा, नाहीतर मरशील!' मी म्हटलं, 'तुमच्या घरचा भात उरावा म्हणून मला उपाशी मारतेस होय?' सगळा बाक हसला!"

"अहो, पण ती नर्स आहे," हाबी म्हणाली.

"आधी सेरेर आहे. माझ्या आजालासुद्धा तिच्या आजीनं हेच सांगितलं असेल. वाढ तू."

आणि हाबी वाढायची. असे दोन वर्षे चालले. गोळ्या तो आठवतील तेव्हा घ्यायचा. पाठ दुखली की बाजारातल्या फेरीवाल्याकडून लाल-पिवळ्या वेदनाशामक गोळ्यांची पुडी आणून मूठभर गिळायचा, त्या मात्र न विसरता. आणि तपासणीच्या आधी तीन दिवस तो संत होऊन बसायचा. भात बंद, किटली पालथी, सकाळ-संध्याकाळ चालणे. चौथ्या दिवशी बोटाला सुई टोचली की आकडा बरा निघायचा. दवाखान्यातून परतला की शेगडी पेटलीच! त्याच्या डोक्यात प्रकाश पाडणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे होते, आणि मी जातीची पाणी ओतणारी असूनही थकले.

त्याच सुमारास मला तो फेस दिसला. आधी वाटले, उंचावरून धार पडल्याचा असेल. पण तो बारीक फेस लादीवर तसाच राहू लागला. मी पाणी ओतले तरी कडेला चिकटून राही. मला भीती वाटली, कारण असला फेस मी याच घरात आधी पाहिला होता. बायदीचा थोरला भाऊ येरो आजारी होऊन चार महिने इथे राहिला होता. त्याच्या वेळी हाच फेस, मग सुजलेले पाय, मग डाकारला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घेणे, आणि शेवटी एका गुरुवारी त्याला अंगणातून उचलून नेणे. त्याच्या अंत्यस्नानालाही पाणी माझ्यातलेच होते. तेव्हापासून कोणी मूत्रपिंडाचे नाव काढले की हाबी विषय बदलायची.

बायदीनेही फेस पाहिला. आणि काय म्हणाला माहीत आहे? स्वतःशीच हसून म्हणाला, "माझ्या हाताला फेसाचं वरदानच आहे." मला त्या क्षणी फुटून जावेसे वाटले.

आता माझ्या हातून घडलेला गुन्हा सांगते. तेनिंगने त्याला एक छोटी बाटली दिली आणि बजावले, "उद्या सकाळची पहिली लघवी यात भरून आण. किडनीची तपासणी करायची आहे." बायदीवर आभाळ कोसळले. पाच वेळा नमाज पढणारा, पांढराशुभ्र झगा घालणारा माणूस, त्याने असली वस्तू खिशात घालून भर बाजारातून न्यायची? आणि ती देखील थट्टेच्या नात्यातल्या बाईच्या हातात द्यायची? सकाळी तो मला घेऊन आत गेला. बाटली भरली. तिच्याकडे पाहून त्याचे तोंड वाकडे झाले. निदान थोडी स्वच्छ तरी दिसावी म्हणून त्याने बाटलीतले बरेचसे ओतून दिले आणि माझी तोटी तिच्या तोंडाला लावली. मी ओतले. मी झारी आहे, कलंडले की ओतते, मला दुसरे काय येते? बाटलीत बघता बघता माझेच पाणी झाले. सत्य बाहेर येत होते आणि मीच झारीतला शुक्राचार्य होऊन बसले.

दुपारी तो गाणे गुणगुणत आला. "काही नाही निघालं! साफ! त्या पट्टीला रंगसुद्धा आला नाही. हाबी, आज मासा मोठा आण."

हाबीने दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. तिचा तो आनंद पाहून मला जास्तच अपराधी वाटले. कारण सगळ्या घरात खरे काय ते दोघांनाच ठाऊक होते, आणि त्यातला एक मूर्ख होता आणि दुसरी मी.

पण तेनिंग कच्च्या गुरूची चेली नव्हती. लोकांच्या बाटल्या पाहण्यात तिची वीस वर्षे गेली होती. अशी नळाच्या पाण्यासारखी आणि नळाच्या पाण्याइतकीच गार लघवी तिने कधी पाहिली नव्हती. सणाला झगा शिवायचा आहे असे सांगून रविवारी सकाळी ती कापड घेऊन आमच्या अंगणात आली. बायदी तिला पाहताच खुलला.

"या, या! सकाळी सकाळी माझी गुलाम कामाला हजर!"

"गप रे खादाडा. माप घे आधी. आणि तुझ्यासारखं ढगळ शिवू नकोस."

माप झाले. मग तिने हाबीला विचारले, "वहिनी, जरा झारी देता?"

मित्रांनो, पाहुण्याने झारी मागितली की भरून द्यायची असते. हाबीने मला काठोकाठ भरले आणि तेनिंगच्या हातात दिले. नऊ वर्षांत प्रथमच मला वाटले की आता काहीतरी होईल. आत जाऊन तिने दार लावले आणि ती उभीच राहिली. तिने लादीकडे पाहिले. मुंग्यांची रांग होती. कडेला तो बारीक फेसही होता, कारण बायदी नुकताच जाऊन आला होता. ती खाली वाकली, बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मला जशी भरलेली होते तशीच बाहेर आणले आणि आपल्या खुर्चीच्या पायाशी ठेवले.

बायदी शेगडीला वारा घालत होता. "काय गं, झारी भरलेलीच? सेरेर लोक पाणी वापरायचं विसरले वाटतं!"

तेनिंग काही बोलली नाही.

"अगं, ऐकू आलं नाही का? गुलामांचे कान असतात की नाही?"

तरीही ती काही बोलली नाही. थट्टेला उत्तर द्यायचे नाही, असे आमच्याकडे कधी होत नाही. माणूस मेलेल्या घरीसुद्धा हे नाते थट्टा करायला येते, अगदी प्रेताशेजारी बसून करते. बायदीचा हातपंखा थांबला. हाबी दारातून बाहेर आली.

तेनिंगने पिशवीतून एक बाटली आणि पट्ट्यांची डबी काढली. "बायदीदादा," ती म्हणाली, "तुम्ही आत जा आणि ही भरून आणा. पुन्हा थोडी आली तरी चालेल. आणि झारी इथेच राहू द्या."

"मला दादा काय म्हणतेस?" तो पुटपुटला.

"जा दादा."

तो उठला. सवयीने त्याचा हात माझ्याकडे आला. तेनिंगने पाय पुढे करून मला आपल्या बाजूला सरकवले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यावाचून आत गेला.

परतला तेव्हा त्याने बाटली झग्याच्या बाहीत लपवली होती. तेनिंगने पट्टी बुडवली, काढली, आणि डबीवरच्या रंगांशेजारी धरली. पट्टीवरचा पिवळा चौकोन हळूहळू हिरवा होत गेला. तीन डोकी त्या नखाएवढ्या चौकोनावर वाकली होती. चौथी मी, खालून.

"हे काय आहे?" हाबीने विचारले, पण तिचा आवाज सांगत होता की तिला कळले आहे.

"किडनीतून प्रथिनं गळताहेत, वहिनी."

हाबी मटकन खाली बसली. "येरोभावजींसारखं?"

"येरोदादांना कोणी वेळेवर पाहिलं नव्हतं. ही सुरुवात आहे." मग ती बायदीकडे वळली. "दादा, तुमच्या मशीनचा पट्टा ढिला झाला तर काय होतं?"

"पाय मारत राहायचं, चाक फिरत नाही," तो हळूच म्हणाला.

"मग तुम्ही काय करता?"

"आणखी जोरात पाय मारतो."

"तुमच्या शरीराचं तेच झालंय. रक्तातली साखर अंगात ओढून न्यायला इन्सुलिन लागतं. तुमच्यात ते आहे. पण अंग त्याला दाद देत नाही. म्हणून शरीर आणखी इन्सुलिन करतं, आणखी पाय मारतं. एक दिवस पायच थकतात. आणि तोवर ती सगळी साखर रक्तात फिरत राहते. किडनी म्हणजे बारीक विणीचं कापड आहे. साखरेनं त्या कापडाची वीण सैल केली. आता जे आत राहायला हवं ते बाहेर पडतंय. तोच तो फेस."

बायदी कापडाचे नाव ऐकून प्रथमच नीट ऐकू लागला. त्याने खालच्या स्वरात विचारले, "वीण सुटली तर परत विणता येते का?"

"तुम्ही शिंपी आहात. तुम्हीच सांगा."

त्याने आपल्या झग्याचा काठ बोटांत धरून पाहिला. मग म्हणाला, "विणता येत नाही. पण सुरुवातीलाच काठाला टाके घातले तर पुढे उसवत नाही."

"टाके म्हणजे रोजच्या गोळ्या. रोजच्या, आठवतील तेव्हाच्या नाहीत. डॉक्टर रक्तदाबाचीही एक देतील, ती किडनी जपते. त्या फेरीवाल्याच्या पुड्या आजपासून बंद, त्या किडनीचं वाटोळं करतात. मीठ कमी. आणि पट्टा कसा घट्ट करतात?"

"तुकडा कापून परत जोडायचा."

"मग पोटाचा तेवढा तुकडा उतरवा. रोज चाला. तपासणीच्या आधीचे तीन दिवस चालून मला फसवता, ते बाकीचे सत्तावीस दिवस कोणाला फसवता?"

एवढे होऊनही बायदीने एकदा शेवटचा प्रयत्न केला. केविलवाणे हसून म्हणाला, "तेनिंग, मला एकदा गुलाम म्हण की."

"नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं म्हटलं. तुम्हाला वाटलं, मी थट्टा करतेय. आता टाके टिकलेले दिसतील तेव्हा म्हणीन."

ती गेली. बायदीने शेगडीतले निखारे विझवले. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो लहान मुलासारखा रडला. डॉक्टर रागावला तेव्हा तो रडला नव्हता, हाबी ओरडली तेव्हाही नाही. एका बाईने त्याला शिवी द्यायचे नाकारले, म्हणून रडला. माणसांचे काही सांगता येत नाही.

त्यानंतर घर बदलले. एका दिवसात नाही बदलले, कुरकुरत बदलले. हाबी आता परातीतल्या भातात चमच्याने हद्द आखते आणि नवऱ्याच्या बाजूला कोबी, वांगी आणि माशाचा तेल नसलेला तुकडा ठेवते. तो हद्द ओलांडू पाहतो आणि ती त्याच्या बोटांवर चमचा मारते. किटलीतला चहा एकाच फेरीचा झाला, आणि तोही बिनसाखरेचा. बिनसाखरेच्या चहाला फेस धड येत नाही, म्हणून किटली रुसली आहे. रुसू दे. संध्याकाळी बायदी मिठागरांच्या रस्त्याने चालून येतो आणि पाय दुखले म्हणून अख्ख्या अंगणाला ऐकवतो. आमचे जाणे बारावरून सहावर आले. मुंग्या तर कधीच निघून गेल्या.

सहा महिन्यांनी तेनिंग पुन्हा आली. दरम्यान दवाखान्यात तो दर महिन्याला जातच होता आणि तिथे ती त्याला न चुकता "दादा" म्हणत होती. दर वेळी तो तोंड पाडून घरी येई. या वेळी तिने अंगणात बसून पट्टी बुडवली. हिरवा रंग आला, पण आधीपेक्षा पुष्कळ फिकट. ती पट्टी तिने उन्हात धरून दोनदा पाहिली. अजून पिवळी नव्हती, ती कधी पुरती पिवळी होईल की नाही हे तिलाही सांगता आले नाही. पण पुढे उसवले नव्हते.

तिने पट्टी कागदात गुंडाळली, हात धुतले, माझ्याच पाण्याने, आणि दाराकडे निघाली. उंबऱ्यावर पोहोचल्यावर मागे न पाहता ओरडली, "ए गुलामा! माझा झगा अजून झाला नाही का? नुसता खातोस आणि लोळतोस!"

बायदी मशीनवरून असा उठला की खुर्ची पडली. "झालाय! पण सेरेर लोकांना मापाचं शिवून उपयोग काय, तुम्ही सणाला खाऊन फुगणार!" असे म्हणत तो हसला, आणि हाबी डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत त्या दोघांनाही मनसोक्त शिव्या देत राहिली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझे झाकण हरवले, पट्ट्यांचे रंग उडाले, कानाला चीर गेली आहे. हाबी नवी आणू म्हणते, बायदी नको म्हणतो. मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की आपल्या शरीरातून जे बाहेर पडते ते कधी कधी आत काय चालले आहे ते सांगत असते. लाजून त्याच्यावर पाणी ओतू नका. आणि कोणी हसत हसत तुम्हाला कमी खा म्हणाले, तर तो गप्प होईपर्यंत थांबू नका.

दर तीन महिन्यांनी बाटली भरायची सकाळ येते. त्या दिवशी बायदी मला दारापर्यंत नेतो, उंबऱ्याबाहेर नीट सरळ ठेवतो आणि एकटाच आत जातो. तो येईपर्यंत मी तिथे भरलेली उभी असते. इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.